मुदतीचा ताप आणि विडालचा कागद

प्रश्न असा आहे: सव्वीस वर्षांच्या भावाला नऊ दिवस ताप आहे. चौथ्या दिवशी टायफॉइडसाठीची विडाल ही रक्ततपासणी केली, ती पॉझिटिव्ह आली. सहाव्या दिवसापासून सेफिक्झिम या अँटिबायोटिकच्या गोळ्या सुरू आहेत, तरी रोज संध्याकाळी ताप १०२ पर्यंत जातोच. दोन वर्षांपूर्वीही त्याला टायफॉइड झाला होता म्हणे. मग औषध चुकतंय का, बदलायचं का, आणि हा पुन्हा झालाच कसा?

आधी औषधाचं सांगतो, कारण घरातल्यांचा जीव तिथेच टांगलेला असतो. टायफॉइडमध्ये योग्य औषध, योग्य मात्रेत सुरू केलं तरी ताप पूर्ण उतरायला चार ते सात दिवस लागतात. तिसऱ्या दिवशी ताप आहे म्हणून औषध फसलं, असं म्हणता येत नाही. माझ्या इतक्या वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये टायफॉइडच्या रुग्णांचं सगळ्यात जास्त नुकसान मी या घाईने झालेलं पाहिलं आहे. दोन दिवस एक अँटिबायोटिक, मग दुसरा डॉक्टर, दुसरं अँटिबायोटिक, मग इंजेक्शन. शेवटी ताप उतरतो तेव्हा तो कशाने उतरला हे कुणालाच सांगता येत नाही.

पण माझा खरा आक्षेप त्या चौथ्या दिवशीच्या विडालवर आहे. हा टायफॉइड असेलही, पण तो त्या कागदाने सिद्ध झालेला नाही. असं का म्हणतो ते समजायला हा जंतू शरीरात काय करतो ते पाहावं लागेल. तेवढं एकदा कळलं की लक्षणं, तपासण्या, गुंतागुंत सगळं त्यातूनच उलगडतं.

साल्मोनेला टायफी हा जंतू फक्त माणसात राहतो. गायीगुरांत नाही, कोंबड्यांत नाही, डासांत नाही. म्हणजे टायफॉइडच्या प्रत्येक रुग्णामागे दुसरा एक माणूस असतोच, ज्याच्या विष्ठेतून (क्वचित लघवीतून) निघालेला जंतू पाण्यातून, अन्नातून किंवा न धुतलेल्या हातांतून याच्या तोंडात गेला. पॅराटायफॉइडची तऱ्हाही साधारण अशीच, जंतू तेवढा वेगळा. पोटातलं आम्ल यातले बरेचसे जंतू मारून टाकतं. म्हणूनच ॲसिडिटीच्या गोळ्या कायम घेणाऱ्यांना थोडे जंतूही पुरतात.

जे वाचतात ते लहान आतड्याच्या शेवटच्या भागात, आतड्याच्या अस्तरातल्या लसिकापेशींच्या चकत्यांमधून आत शिरतात. या चकत्यांना पायर्स पॅचेस म्हणतात. तिथल्या भक्षक पेशी त्यांना गिळतात, पण मारू शकत नाहीत. चोराला पकडून ठाण्यात आणावं आणि त्याने तिथेच बिऱ्हाड करावं, तसा हा प्रकार. या पेशींमध्ये बसूनच जंतू रक्तातून यकृत, प्लीहा आणि अस्थिमज्जेपर्यंत पोचतात आणि तिथे शांतपणे वाढत राहतात. या काळात माणूस ठणठणीत दिसतो. साधारण ८ ते १४ दिवसांनी (कधी ६, कधी अगदी ३० दिवसांनीही) ते पुन्हा मोठ्या संख्येने रक्तात येतात आणि तेव्हा ताप सुरू होतो. म्हणून 'परवा बाहेर खाल्लं आणि टायफॉइड झाला' हे गणित जुळत नाही. विचारायचंच तर दोन आठवड्यांपूर्वीचं विचारा.

पुढचा टप्पा पित्ताशयाचा. तिथे जंतूंची चांगली सोय होते आणि पित्ताबरोबर ते परत आतड्यात उतरतात. पुन्हा त्याच चकत्यांवर हल्ला, पण आता त्या चकत्या आधीच चिडलेल्या असतात. त्या सुजतात, त्यांचा भाग मरतो, व्रण पडतात. हे तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास घडतं. आतड्यातून रक्तस्राव होणं आणि आतड्याला भोक पडणं हे टायफॉइडचे दोन मोठे धोके साधारण याच सुमारास का येतात, ते यावरून कळेल.

लक्षणांबद्दल पुस्तकात जिन्याच्या पायऱ्यांसारखा चढणारा ताप लिहिलेला असतो: रोज आदल्या दिवसापेक्षा थोडा जास्त, आठवड्याच्या शेवटी १०३-१०४ वर स्थिर. हल्ली तिसऱ्या दिवशीच कुणी ना कुणी अँटिबायोटिक दिलेलं असतं, त्यामुळे तो जिना अर्धवट पाडलेलाच हाती येतो. तरी काही गोष्टी मी आवर्जून बघतो. ताप चारपाच दिवस उलटूनही चढता आहे, डोकं दुखतंय, भूक पार मेली आहे, माणूस मलूल आहे, पण नाक वाहत नाही, घसा फारसा दुखत नाही. जीभ मधोमध पांढरट थराने माखलेली आणि कडेने लाल. पोट जड, किंचित फुगलेलं. मोठ्यांना बद्धकोष्ठ आणि लहान मुलांना जुलाब जास्त आढळतात, पण हा काही नियम नाही. कोरडा खोकलाही असू शकतो, आणि तेवढ्यावरून छातीचा आजार समजून वाट चुकते. प्लीहा हाताला लागते. तापाच्या मानाने नाडी संथ असते, हे लक्षण प्रसिद्ध आहे पण दर वेळी मिळत नाही. पोटाछातीवर गुलाबी ठिपके येतात असंही लिहिलेलं असतं. गोऱ्या कातडीवर ते दिसतात, सावळ्या कातडीवर शोधत बसू नये.

दुसऱ्या आठवड्यात उपचार न झालेला माणूस गुंगीत जातो, पुटपुटतो, हवेत काहीतरी चिमटीत पकडत राहतो. 'टायफॉइड' हे नाव ज्या ग्रीक शब्दावरून आलं त्याचा अर्थ धूर, धुकं. बुद्धीवर धुकं आल्यासारखा हा आजार. आपल्याकडचं जुनं नाव मुदतीचा ताप. औषध नव्हतं त्या काळात तो तीन-चार आठवड्यांची मुदत भरल्याशिवाय हटायचा नाही, आणि शंभरातले दहा ते वीस रुग्ण ती मुदत पुरी होईपर्यंत टिकायचे नाहीत.

आता त्या कागदाकडे वळू. विडालची तपासणी फेर्नां विडाल या फ्रेंच डॉक्टरांनी १८९६ मध्ये आणली. त्या काळी ती मोठीच गोष्ट होती. ती जंतू शोधत नाही. जंतूविरुद्ध रक्तात तयार झालेली प्रतिद्रव्यं शोधते. अडचणी इथूनच सुरू होतात. ती दोन प्रकारची प्रतिद्रव्यं मोजते: 'ओ' प्रतिद्रव्यं दिसायला आजाराचे सहा ते आठ दिवस जावे लागतात, 'एच' साठी दहा-बारा. मग चौथ्या दिवशी पॉझिटिव्ह आलेली विडाल कशाची? पूर्वी होऊन गेलेल्या संसर्गाची असू शकते, जुन्या लसीची असू शकते, साल्मोनेलाच्या दुसऱ्याच एखाद्या भाईबंदाची असू शकते. मलेरिया किंवा डेंग्यूसारख्या तापातही ती वर सरकते. जिथे टायफॉइड वर्षभर आढळतो तिथे धडधाकट माणसाच्या रक्तातही १:८० (म्हणजे रक्तद्रव ऐंशी पट पातळ करूनही चाचणी पॉझिटिव्ह) किंवा त्याहून जास्त आकडा निघतो. उलट खऱ्या टायफॉइडमध्ये, विशेषतः औषध लवकर सुरू झालं असेल तर, ती निगेटिव्हही राहते. सात ते दहा दिवसांच्या अंतराने दोन नमुने घेऊन चौपट वाढ दिसली तर तिला काही अर्थ आहे, पण दुसरा नमुना घेतलेला रुग्ण मला क्वचितच भेटतो. टायफीडॉट वगैरे झटपट चाचण्या विडालपेक्षा थोड्या बऱ्या, पण निर्णय त्यांच्यावर सोपवावा इतक्या नाहीत.

तुमच्या भावाचा दोन वर्षांपूर्वीचा टायफॉइड मला त्यामुळेच शंकास्पद वाटतो. तोही विडालवरच ठरला होता का, ते विचारून घ्या. 'मला दरवर्षी टायफॉइड होतो' असं सांगणारे रुग्ण माझ्याकडे नेहमी येतात, फाइलमध्ये विडालचे तीन-चार कागद असतात आणि एकही कल्चर, म्हणजे रक्तातून जंतू वाढवून पाहणारी तपासणी, नसतं. असाच एक तरुण होता. वर्षात तीनदा 'टायफॉइड' झालेला, प्रत्येक वेळी कोर्स, प्रत्येक वेळी थोडे दिवस बरं. त्याला निघाला पोटातला क्षयरोग. विडाल पॉझिटिव्ह होती, त्यामुळे पुढे कुणी शोधलंच नव्हतं. तुमच्या भावाच्या बाबतीत असंच असेल असं मुळीच नाही. टायफॉइड एकदा झाला म्हणून पुन्हा होत नाही असंही नाही, नैसर्गिक संसर्गाने पक्की प्रतिकारशक्ती येत नाही. पण दुसऱ्यांदा झाला म्हणायला पहिला खरा असावा लागतो.

मग करायचं काय? ब्लड कल्चर. रक्तातून प्रत्यक्ष जंतू वाढवून दाखवणारी हीच तपासणी. तिचीही मर्यादा आहे: शंभर खऱ्या रुग्णांत साधारण साठ जणांत ती पॉझिटिव्ह येते. कारण एक मिलिलिटर रक्तात बऱ्याचदा एकसुद्धा जिवंत जंतू नसतो. म्हणून दोन थेंब रक्तावर कल्चर लावण्यात काही हशील नाही. मोठ्या माणसाचं एका बाटलीला ८ ते १० मिलिलिटर रक्त हवं, आणि शक्यतो दोन बाटल्या. अँटिबायोटिकचा पहिला डोस पोटात जाण्याआधी घेतलं तर उत्तम. पहिल्या आठवड्यात मिळण्याची शक्यता सर्वांत जास्त, पुढे कमी होत जाते. अस्थिमज्जेचं कल्चर त्याहून भरवशाचं, कारण जंतूंचं बिऱ्हाडच तिथे असतं. चार-पाच दिवस औषध झाल्यावरही ते पॉझिटिव्ह येऊ शकतं. पण हाडात सुई घालावी लागते, त्यामुळे निदान अडून बसलेल्या तापांसाठीच ते राखून ठेवतो. विष्ठेचं कल्चर सुरुवातीला फारसं कामाचं नाही.

साध्या हिमोग्राममधूनही बरंच काही कळतं आणि त्याकडे दुर्लक्ष होतं. इतका ताप असून पांढऱ्या पेशी वाढलेल्या नाहीत, उलट कमीच आहेत, आणि इओसिनोफिल (पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार) जवळजवळ शून्य आहेत, असं दिसलं की माझा कल टायफॉइडकडे जातो. मोठ्या माणसाच्या पांढऱ्या पेशी अठरा-वीस हजार असतील तर एक तर आजार दुसरा आहे किंवा पोटात काहीतरी बिघडलं आहे. यकृताची एन्झाइम्स दोन-तीन पट वाढलेली असतात, म्हणून टायफॉइडला कावीळ समजण्याची गफलत होते. प्लेटलेट्सही थोड्या उतरतात, म्हणून डेंग्यू समजण्याची होते. मलेरिया, डेंग्यू आणि स्क्रब टायफस यांच्या तपासण्या सोबत करून घ्याव्यात.

कल्चरचा मी इतका आग्रह धरतो, त्याला निदानाइतकंच औषधांचं कारण आहे. १९४८ मध्ये क्लोरॅम्फेनिकॉल आलं आणि मुदतीच्या तापाची मुदत तीन-चार आठवड्यांवरून काही दिवसांवर आली. १९७२ मध्ये मेक्सिकोत त्याला न जुमानणाऱ्या टायफीची मोठी साथ आली. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी क्लोरॅम्फेनिकॉल, अँपिसिलिन आणि कोट्रायमॉक्साझोल या तिघांनाही दाद न देणारे जंतू पसरले. मग सिप्रोफ्लॉक्सॅसिनवर सगळे तुटून पडले आणि दहा-पंधरा वर्षांत तेही बोथट झालं. २०१६ पासून पाकिस्तानच्या सिंध प्रांतात सेफ्ट्रिआक्सोनलाही न मानणारा टायफी पसरला. त्याच्यासमोर तोंडावाटे घ्यायचं एक ॲझिथ्रोमायसिन आणि इंजेक्शनांत मेरोपेनेम एवढंच हाताशी उरलं. गंमत अशी की जुनी औषधं वापरातून गेल्यामुळे बऱ्याच ठिकाणचे जंतू त्यांना पुन्हा बधू लागले आहेत. आपल्या रुग्णातला जंतू यातला कुठला, हे कल्चरच्या सेन्सिटिव्हिटी तक्त्याशिवाय (कुठलं औषध या जंतूवर चालतं ते सांगणाऱ्या यादीशिवाय) कुणीही सांगू शकत नाही.

सध्या जिथे सिप्रोफ्लॉक्सॅसिनला प्रतिकार सर्रास आहे तिथे घरी राहू शकणाऱ्या, तोंडाने खाऊपिऊ शकणाऱ्या रुग्णाला ॲझिथ्रोमायसिन साधारण सात दिवस, किंवा सेफिक्झिम देतात. उलट्या होत असतील, गुंगी असेल, पोट फुगलं असेल तर दाखल करून सेफ्ट्रिआक्सोन शिरेतून १० ते १४ दिवस. सेफिक्झिममध्ये नेहमीची चूक मात्रेची असते. टायफॉइडला ती साध्या घशाच्या संसर्गापेक्षा बरीच जास्त लागते, मुलांत तर दिवसाला दर किलो वजनामागे १५ ते २० मिलिग्रॅम. तुमच्या भावाला किती मिलिग्रॅम, दिवसातून किती वेळा चालू आहे, ते डॉक्टरांना मोकळेपणाने विचारा. पाचव्या दिवशी बरं वाटलं म्हणून कोर्स अर्धवट सोडणारे दोन-तीन आठवड्यांनी परत येतात. पूर्ण कोर्स घेऊनही शंभरात पाच-दहा जणांना असा उलटलेला ताप येतो, तो बहुधा सौम्य असतो आणि सहसा त्याच औषधाला ऐकतो.

ताप उतरतोय की नाही हे संध्याकाळच्या एका आकड्यावरून ठरवू नका. दिवसातून चार वेळा मोजा आणि कागदावर लिहा. १०३ चा ताप १०२ वर येणं, दोन तापांतलं अंतर वाढणं, माणसाने स्वतःहून खायला मागणं, हे सगळं उतारच आहे. भूक परतली की मी तापाच्या आकड्याची फारशी पर्वा करत नाही. तापाला पॅरासिटामॉल पुरे. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन टाळा, आतड्यात व्रण असू शकतात. आणि 'ताप पाडण्यासाठी' स्टेरॉइडचं इंजेक्शन कुणी देऊ लागलं तर नको म्हणा. गुंगीत किंवा शॉकमध्ये गेलेल्या अतिगंभीर रुग्णांत मोठ्या मात्रेतल्या डेक्सामेथासोनने मृत्यू बरेच कमी झाल्याचं १९८४ मध्ये जकार्तातल्या अभ्यासाने दाखवलं, पण तो अतिदक्षता विभागातला विषय आहे. घरी बसलेल्या रुग्णात स्टेरॉइड ताप झाकतं, आणि पोटात भोक पडलं तर तेही झाकतं.

उपाशी ठेवू नका. पूर्वी टायफॉइडच्या माणसाला महिनाभर पातळ पेजेवर ठेवत, आणि कितीतरी माणसं आजाराबरोबर उपासानेही खंगली. साधं, मऊ शिजवलेलं, थोडं थोडं पण दिवसातून पाच-सहा वेळा द्या. फार चोथ्याचं आणि तिखट काही आठवडे बाजूला ठेवा. पाणी भरपूर.

तातडीने रुग्णालयात न्यायचं ते असं झालं तर: पोटात अचानक जोराची कळ आणि पोट लाकडासारखं घट्ट, शौच काळी डांबरासारखी किंवा रक्ताची, सतत उलट्या, बोलण्यात असंबद्धपणा किंवा न उतरणारी झोप. आणखी एक फसवं लक्षण आहे. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात ताप एकदम उतरतो, अंग गार पडतं, घरच्यांना हायसं वाटतं, पण नाडी १२० च्या वर पळत असते. हा आतून होणारा रक्तस्राव असू शकतो. भोक पडलेलं आतडं औषधाने शिवलं जात नाही, शस्त्रक्रियाच लागते, आणि तिथे तासांचा हिशोब असतो.

बरं झाल्यावरही काही जण, शंभरात एक ते पाच, वर्षभर किंवा त्याहून जास्त काळ विष्ठेतून जंतू सोडत राहतात, स्वतः ठणठणीत असून. पित्ताशयात खडे असलेल्यांत आणि बायकांमध्ये हे जास्त. न्यूयॉर्कमधली मेरी मॅलन ही स्वयंपाकीण याचं सगळ्यांत दुःखी उदाहरण: आपण कधी आजारी पडलोच नाही असं ती शेवटपर्यंत सांगत राहिली. १९०७ मध्ये तिला धरून वेगळं ठेवलं, तीन वर्षांनी सोडलं, तिने पुन्हा नाव बदलून स्वयंपाकाचं काम धरलं, आणि १९१५ पासून १९३८ मध्ये मृत्यू येईपर्यंत ती एका बेटावर एकटी राहिली. आज असं कुणी सापडलं तर अँटिबायोटिकचा साधारण चार आठवड्यांचा कोर्स, गरज पडली तर पित्ताशय काढणं, हे उपाय आहेत. तुमचा भाऊ लोकांसाठी स्वयंपाक करत किंवा लहान मुलं, आजारी माणसं सांभाळत असेल तर कोर्स संपल्यावर विष्ठेची कल्चर निगेटिव्ह येईपर्यंत त्या कामापासून दूर राहायला हवं. इतर कामांना ताप जाऊन ताकद आली की हरकत नाही.

घरातल्या बाकीच्यांनी त्याची ताटवाटी वेगळी करण्याची गरज नाही. शौचानंतर आणि खाण्याआधी साबणाने हात धुणं, पाणी उकळून पिणं एवढं पाळा. बर्फाने हा जंतू मरत नाही, गोठलेल्या पाण्यातही तो टिकतो. लसींमध्ये कॉन्जुगेट लस सगळ्यात चांगली, सहा महिन्यांच्या बाळापासून देता येते आणि मोठ्या चाचण्यांत तिने सुमारे ८० टक्के संरक्षण दिलं आहे. पॅराटायफॉइड ए पासून मात्र ती वाचवत नाही, कारण ज्या वेष्टनाविरुद्ध ती बनवली आहे ते त्या जंतूला नसतंच.

आता तुमच्या भावाचं. आजच्या आज दोन बाटल्यांचं ब्लड कल्चर पाठवायला सांगा. तीन दिवस गोळ्या गेल्यामुळे मिळण्याची शक्यता घटली आहे, संपलेली नाही. सोबत हिमोग्राम, मलेरिया आणि डेंग्यू. डॉक्टर सांगत नाहीत तोवर सेफिक्झिम बंद करू नका, नवं औषध जोडूही नका. औषधाचे सात दिवस पूर्ण होऊनही तापाचा कागद तसाच सपाट राहिला, तर तीन गोष्टी तपासायच्या: मात्रा कमी पडतेय का, जंतू प्रतिकार करतोय का, की हा मुळात टायफॉइडच नाही. तोवर कल्चरचा रिपोर्टही हातात आला असेल. त्या दिवशी डॉक्टरांकडे जाताना तापाचा कागद आणि दोन वर्षांपूर्वीची फाइल, दोन्ही सोबत न्या.